सोंडेवरचा फोटो

ताई, स. न. वि. वि.
मी बडोद्याचाच. दांडिया बाजारात वाढलो, आता मकरपुऱ्याकडे एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. वय ३४. अकरा वर्षं सह्याद्रीत फिरतोय. जोडून सुट्टी मिळाली की रात्रीची गाडी पकडून नाशिककडे. परत आलो की वाटेची माहिती, फोटो, मोबाइलवर नोंदलेला जीपीएस ट्रॅक, पायथ्याच्या गावात ज्यांच्याकडे जेवतो त्यांचा नंबर, सगळं ऑनलाइन डोंगरमित्रांपुढे ठेवतो. पैसे घेत नाही. लोक आभार मानतात, बरं वाटतं.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत एका किल्ल्याबद्दल लिहिलं होतं, 'सोपी वाट, दीड तासात माथा'. माथ्याच्या अलीकडे डावीकडे एक सोंड दरीत घुसलीय. तिच्या टोकावर मी फोटोसाठी गेलो आणि परत आलो. तो फोटो अजून फिरतो. गेल्या ऑक्टोबरअखेर सुरतेकडचं एक कुटुंब माझ्याच ट्रॅकवरून गेलं. नवरा-बायको, दोन मुलं आणि मुलांची मावशी. ट्रॅकची रेघ सोंडेवर जाते म्हणून तेही गेले, हीच वाट समजून पुढच्या कातळटप्प्यावर उतरले आणि मग वर येता येईना. अंधार पडला. मावशीबाईंचा पाय घोट्यात मोडला. गावकऱ्यांनी रात्री साडेअकराला खाली आणलं.

त्यांनी मला दोष दिला नाही. तरी माझी झोप उडालीय. वडील म्हणतात, सगळं काढून टाक. मित्र म्हणतात, ज्याची त्याची जबाबदारी, तू काय हात धरून नेलं होतंस? बायको म्हणते, तुला माहिती द्यायचीच नव्हती, तुला लाइक हवे होते. काय करू?
— एक डोंगरवेडा

ताई म्हटलंस, म्हणून 'तू' म्हणते. किल्ल्याचं नाव पत्रात होतं, ते मी गाळलंय. छापलं असतं तर पुढच्याच रविवारी ती सोंड 'बघायला' बडोद्यातून दोन गाड्या निघाल्या असत्या.

आधी मुद्द्याचं. काढून टाकू नकोस. वडिलांची काळजी कळते, पण दोन वर्षांत तो ट्रॅक किती जणांनी उतरवून घेतला, पुढे कुणाकुणाला धाडला, याचा तुलाही पत्ता नाही. तू मूळ लिखाण पुसलंस म्हणून त्यांच्या मोबाइलमधली रेघ पुसली जाणार नाही. दुरुस्ती लिहायची जागा तेवढी जाईल. तेव्हा तेच लिखाण उघड, सगळ्यात वर आजची तारीख घाल आणि लिही की या ट्रॅकमध्ये चूक आहे, अमुक ठिकाणी रेघ डावीकडे सोंडेवर जाते, ती वाट नाही, तिथे ऑक्टोबरात पाच जण अडकले. जुनी फाइल काढून नीट केलेली ठेव. तिच्या नावातच 'दुरुस्त' हा शब्द आणि तारीख येऊ दे, कारण बहुतेक लोक लिखाण वाचतच नाहीत, फाइल तेवढी उचलतात. खाली ज्यांनी ज्यांनी आभार मानलेत त्यांना एकेकाला कळव. कंटाळवाणं काम आहे, पण ते तुझंच आहे.

मित्रांचं म्हणणं खोटं नाही. ऑक्टोबरअखेर आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि डोंगराच्या सावलीतल्या बाजूला त्याआधीच अंधारून येतं. पोरं बरोबर घेऊन चढताना हा हिशेब त्या कुटुंबाने करायला हवा होता. एखादी विजेरी, एखादा गावातला वाटाड्या, काहीतरी. पण 'ज्याची त्याची जबाबदारी' हे माहिती घेणाऱ्याने स्वतःला सांगायचं असतं. देणाऱ्याने म्हटलं की ते हात झटकल्यासारखं ऐकू येतं. तुलाही तसंच ऐकू आलं असणार, नाहीतर तू मला लिहिलं नसतंस.

बायकोकडे नंतर येते.

माझं भांडण त्या फोटोपेक्षा 'सोपी' या शब्दाशी जास्त आहे. अकरा वर्षं डोंगर तुडवलेल्या, चौतीस वर्षांच्या माणसाला, जानेवारीतल्या गार सकाळी, हलकी सॅक पाठीवर टाकून, कुणाचंही ओझं नसताना ती वाट सोपी गेली. एवढं सगळं त्या दोन अक्षरांत दडलंय आणि वाचणाऱ्याला त्यातलं काहीच दिसत नाही. दीड तासाचंही तेच. तुझा दीड तास म्हणजे आठ-दहा वर्षांच्या पोराचे तीन तास, आणि गुडघे दुखणाऱ्या मावशीचे त्याहून जास्त.

हा घोळ आपल्याच लोकांनी घातलाय असंही नाही. १८९७ साली ओवेन ग्लिन जोन्स नावाच्या एका विज्ञान शिक्षकाने इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या चढायांची चार गटांत वाटणी केली. सोप्या, मध्यम, अवघड आणि कमालीच्या बिकट. (दोन वर्षांनी हा गडी स्वतः आल्प्समध्ये डाँ ब्लांश शिखरावर पडून गेला.) शब्द राहिले, चढणारे मात्र तरबेज होत गेले, त्यामुळे वरच्या अंगाला नवनवे गट जोडत जावे लागले. आज त्या ब्रिटिश पद्धतीत 'डिफिकल्ट' असा शिक्का असलेली चढाई नवशिक्यांना सुरुवातीला देतात. नाव अवघड, काम हलकं. ज्याला हे ठाऊक नाही तो घाबरून घरी बसेल, ते परवडलं. आपल्याकडे उलटं झालंय. आपण कातळटप्प्यालाही 'सोपा पॅच' म्हणतो आणि ज्याला ठाऊक नाही तो पोराबाळांना घेऊन निघतो.

अमेरिकेतल्या यॉसेमिटी पद्धतीत शब्दांऐवजी एक ते पाच आकडे आहेत. ते पाठ करायची गरज नाही, पण त्यांच्यामागचे प्रश्न घेण्यासारखे आहेत. हात टेकावे लागतात का? किती ठिकाणी? तिथून पाय निसटला तर माणूस कुठे जाऊन थांबेल, कारवीच्या झुडपात की थेट दरीत? दोर लागतो का? मी आपल्याकडचे आणखी दोन विचारीन. दृष्टिभय, म्हणजे शेजारची दरी बघून पोटात गोळा येणं, कुठे सुरू होतं? आणि उतरताना तोंड कातळाकडे करून उतरावं लागतं का? आपल्याकडे माणसं जास्त अडकतात ती उतरताना, आणि माहितीत नेहमी चढणच असते. या प्रश्नांची उत्तरं लिहिलीस की 'सोपी' म्हणायची गरजच उरत नाही, वाचणारा आपलं आपण ठरवतो.

उंचीही लोक मोठ्या अक्षरात लिहितात. कळसूबाई १,६४६ मीटर, महाराष्ट्रात सगळ्यात उंच, आणि तिथे लोखंडी शिड्या धरून नऊवारीतल्या आज्या देवीला जातात. हरिहर किल्ला त्याहून पाचशे मीटरने बुटका, पण त्याच्या कोरीव पायऱ्यांवर मध्येच थांबून खाली बघणाऱ्याचे पाय लटपटतात. उंचीचा आकडा लिही, पण त्याने फार काही सांगितलं असं समजू नकोस.

आता माझीच एक गोष्ट सांगते, नाहीतर म्हणशील ताई नुसत्या शिकवतात. आम्ही पावागडावर चालायला शिकलेली पिढी. बडोद्यासारख्या सपाट गावात दुसरं होतं काय? आपली विश्वामित्री नदी उगम पावते तीसुद्धा पावागडातच, तिच्यातल्या मगरी नंतर येतात. तर १९८७ मध्ये बागलाणातल्या एका किल्ल्यावर जाऊन आल्यावर मी उत्साहाने एक कागद लिहिला आणि सायक्लोस्टाइल करून ओळखीपाळखीत वाटला. त्यात होतं, 'माथ्यावरच्या टाक्यात पिण्याचं पाणी आहे.' खरंच होतं. मी स्वतः प्यायले होते, गार, गोड. डिसेंबरात. आमच्यातलीच सहा पोरं तो कागद घेऊन मे महिन्यात गेली. टाक्याच्या तळाशी हिरवा चिखल आणि त्यात एक मेलेला सरडा. एकाला उन्हाने चक्कर आली, दोघांनी त्याला खांद्यावर टाकून उतरवलं. परत आल्यावर त्यांनी मला काहीच म्हटलं नाही, कागद तेवढा परत केला. 'आहे' या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारलेली होती.

तेव्हापासून मी 'आहे' लिहीत नाही. 'होतं' लिहिते, आणि कधी ते लिहिते. पाणी होतं, १४ डिसेंबर. आग्या मोहोळ होतं, दुसऱ्या दरवाज्याच्या वर, मार्चचा पहिला आठवडा. तुझी वाट जानेवारीतली. जानेवारीत गवत वाळून बसलेलं किंवा वणव्याने जळलेलं असतं, मळलेली वाट लांबून दिसते. ऑक्टोबरात तेच गवत कमरेएवढं. गुरं चरून चरून ढोरवाटा पडलेल्या असतात आणि प्रत्येक ढोरवाट खऱ्या वाटेपेक्षा ठळक दिसते. त्यात वाळायला लागलेलं गवत बुटाखाली तेल लावल्यासारखं सटकतं. म्हणजे त्या कुटुंबाला पायाखालचं काहीच ओळखू येत नव्हतं. विश्वास ठेवायला हातातली रेघ तेवढी होती.

रेघेचं तुला माझ्याहून जास्त कळतं, पण तू एक गोष्ट विसरलास. ट्रॅक ही वाट नसते. तू त्या दिवशी जिथे जिथे गेलास ते सगळं त्यात असतं, लघवीला झाडामागे गेलास तेसुद्धा. घरी येऊन नकाशावर टाकला की मुख्य वाटेला फुटलेले काटे दिसतात. असा प्रत्येक काटा छाटायचा असतो. शिवाय अरुंद नाळेत किंवा उंच कड्याच्या बुडाशी उपग्रहाचे संकेत कातळावर आपटून येतात आणि रेघ वीस-तीस मीटर सरकते. मैदानात तेवढ्याने काही बिघडत नाही. धारेवर वीस मीटर म्हणजे हवेत. म्हणून जिथे चुकायची शक्यता आहे तिथे रेघेवर सोडू नकोस, शब्दांत लिही. 'खिंडीत आल्यावर डावीकडे ठळक वाट दिसेल, ती सोंडेवर जाऊन संपते. उजवीकडे कातळाला चिकटून आडवे जा. पाच मिनिटांत कोरीव पायऱ्या दिसल्या नाहीत तर चुकलात, मागे फिरा.' या तीन-चार वाक्यांनी मावशीबाईंचा घोटा वाचला असता. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. कुठे मागे फिरायचं ते आपल्याकडे कुणी लिहीत नाही. हिमालयन क्लब १९२८ साली सुरू झाला आणि पुढच्याच वर्षापासून त्याचं वार्षिक नियतकालिक निघतं. त्यात शिखर न गाठता परतलेल्यांचे वृत्तांतही मानाने छापलेले आहेत. कुठल्या उंचीवरून परतलो, का परतलो. मागून जाणाऱ्याला त्याचाच जास्त उपयोग होतो.

आता तो फोटो. तू पत्राबरोबर पाठवलास ते बरं केलंस. सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. पण तो मोबाइलच्या रुंद लेन्सने काढलाय. ही लेन्स जवळचं मोठं करते आणि लांबचं बारीक. त्यामुळे पुढ्यातली हात-दीड हात रुंदीची धार वाड्याच्या ओट्याएवढी दिसते, आणि मागची दरी अशी दिसते जणू खाली शेतच आहे. दोन मुलं घेऊन आलेल्या बापाला 'चला, तिथे बसून फोटो काढू' असं वाटलं तर त्याची चूक मी कशी काढू?

डोंगराचा फोटो खोटं बोलतो ते असंच, आपला काही हेतू नसताना. पायथ्यातून मान वर करून काढला तर वरचा भाग आखडतो आणि कडा बुटका दिसतो. अगदी समोरून काढला तर उतार आहे त्याहून उभा वाटतो. बाजूने, कॅमेरा आडवा सरळ धरून काढला की कोन बराचसा खरा येतो. आणि चौकटीत माणूस हवा, नाहीतर दहा फुटांचा टप्पा आणि चाळीस फुटांचा टप्पा सारखेच दिसतात. इटलीचा छायाचित्रकार व्हित्तोरियो सेला १९०९ मध्ये के-टू शिखरापर्यंत जडशीळ कॅमेरा वाहून घेऊन गेला होता. त्याच्या फोटोंवर बोट ठेवून पुढच्या मोहिमांनी वाटा अभ्यासल्या, कारण त्यांत कडेकपारी मोजता येण्याइतक्या स्वच्छ आहेत. आपण सेला नाही, पण एक करता येईल. शिखरावरच्या हसऱ्या फोटोच्या जोडीला वाटेवरच्या सगळ्यात वाईट जागेचा एक फोटो टाकायचा. त्यावर बोटाने लाल टिंबं मार, पाय कुठे, हात कुठे. त्याला लाइक येणार नाहीत. न येऊ देत.

सोंडेवरचा फोटो राहू दे, फक्त त्याच्याखाली लिही की ही जागा वाटेवर नाही, इथे पाच जण अडकले होते, मी इथे जायला नको होतं. शेवटचे पाच शब्द तुला जड जातील.

एक गोष्ट मात्र आजच्या आज काढून टाक, ती म्हणजे गावातल्या माणसाचा नंबर. त्यांना विचारून दिला होतास का? पत्रात तसं कुठे नाही. माझ्या ओळखीच्या एका गावात असाच एका घराचा नंबर पसरला. त्या बाई सांगत होत्या, रात्री दीडला फोन येतो, 'काकू, आम्ही वीस जण आहोत, भाकरी टाकून ठेवा.' सकाळी वीसातले सात येतात आणि बाकीच्या भाकऱ्या गुरांपुढे. त्यांना चालत असेल तर दे, आणि आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंतच फोन करा असं सोबत लिही. नाहीतर गावात जाऊन विचारा एवढंच पुरे. गावात विचारायला लावणं हेच खरं तर चांगलं. त्या निमित्ताने कुणीतरी सांगतं, 'आज नका जाऊ, वर पाऊस लागलाय.'

गिधाडांची घरटी, दुर्मीळ कंद-फुलं यांच्या जागा तर अजिबात सांगू नकोस. मोबाइलचा फोटो स्वतःच्या पोटात अक्षांश-रेखांश घेऊन फिरतो हे लक्षात असू दे. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेशन बंद केलं की झालं.

आता बायको. ती निम्मी बरोबर आहे, आणि उरलेलं निम्मं तुलाही ठाऊक आहे, म्हणून तर तिचं वाक्य तू पत्रात सगळ्यात शेवटी घातलंस. लाइक हवे असण्यात पाप नाही. मलाही या सदराला आलेली पत्रं मोजायला आवडतात. पण एक करून बघ. पुढच्या वेळी लिहिलेलं आधी तिला वाचायला दे. ती डोंगरात येत नाही ना? मग उत्तम. वाचून तिने सांगायचं की ती कुठे चुकली असती. जिथे ती अडखळेल तिथे एक वाक्य वाढव. तिचं समाधान झालं की मगच लोकांपुढे ठेव. तुझे अनुभवी मित्र हे काम करू शकणार नाहीत, कारण गाळलेल्या जागा ते मनातच भरून घेतात.

आणि सुरतेला जाऊन ये. फोनवर नको. त्यांनी दोष दिला नाही म्हणून विषय संपला असं नसतं. माफी मागताना 'पण तुम्हीही…' असं काही ओठांवर आलं तर चहाचा घोट घे. मावशीबाईंना विचार की नेमकं कुठे काय वाटलं, कुठल्या दगडावर शंका आली होती, तेव्हा कोण काय म्हणालं. त्या सांगतील ते सगळं तुझ्या दुरुस्त माहितीत यायला हवं, त्यांचं नाव न घेता. त्या वाटेबद्दल त्यांना आज तुझ्यापेक्षा जास्त कळतं.

मग त्या गावात जा. शनिवार-रविवारची गर्दी टाळून, किल्ल्यावर न चढता. बडोद्याहून जातोयस, लिलो चिवडा ने दोन-तीन किलो. ज्यांनी अंधारात, त्या गवतातून, पाय मोडलेल्या बाईला खाली आणलं त्यांना काय काय लागलं ते विचार. झोळी कशाची केली, उजेड कशाचा होता, किती वेळ लागला. घोंगडी फाटली असेल, बॅटरीचे सेल संपले असतील, दुसऱ्या दिवशीचा रोज बुडाला असेल. तुझ्या अख्ख्या पत्रात त्यांच्यावर एकच वाक्य आहे आणि त्यात ते 'गावकरी' आहेत. किती जण होते, कोण होते, काही नाही. नावं विचारून घे. मला कळवलीस तर आवडेल, छापणार नाही.